चढावरचे पाढे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या घरी, ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. "रत्नाताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, "किती वाजता?" चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून काढली की तोंडातून आधी हेच निघतं. आत्ताच, वहिनी म्हणाली. चप्पल घालायला वाकले ते उठलेच नाहीत. शेजारच्या वानखडेकाकांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून संपवली. अर्धा किलो तरी असेल. खडे बाजूला काढले, डाळ डब्यात भरली, डब्याला झाकण लावलं. मग पिशवी घेऊन अमरावतीची गाडी पकडायला निघाले. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ गेला हे कळल्यावर बाई डाळ निवडत बसली, असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही.

दुपारी पोचले तेव्हा दादाला समोरच्या खोलीत ठेवलं होतं. मी त्याची बोटं सरळ केली, हनुवटीला पट्टी बांधली, पाय जुळवले. घोट्याच्या वर मोज्याच्या रबराची खोल खूण दिसली. सवयीने अंगठ्याने दाबून पाहिलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. पायावर सूज होती, जुनी. बघितलं आणि चादर ओढून घेतली. संध्याकाळी पुतण्या बंगळुराहून नागपूरमार्गे पोचला, मग सगळं उरकलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मी पांढरी साडी नेसून बसले होते आणि खुर्च्या मोजत होते. लोक येऊन सांगत होते, ताई मोठ्या खंबीर आहेत. खंबीर कसली... दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, चहात साखर किती घातली तेही सांगता आलं असतं.

आता सहा आठवडे झालेत. दादाचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. ते त्याचे विद्यार्थी करून गेले, माइक हातात घेऊन, एकाने तर जेवणं थंड होईपर्यंत. मला एक कबुली द्यायची आहे. माझा भाऊ दीड वर्ष माझ्या डोळ्यांदेखत आजारी पडत होता. त्याची नोंद मी स्वतःच्या हाताने, तारीख घालून, करत होते. आणि ती मला वाचता आली नाही.

मिलिंददादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अमरावतीत आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होता. लोखंडाचा तुकडा कानसीने घासून काटकोनात आणायचा, ही त्याची आयुष्यभराची विद्या. विद्यार्थ्यांना तो पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगायचा. एक, तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. दोन, व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, हातात घेतल्यावर त्याचं शून्य तपासा आणि काम संपल्यावर पुन्हा तपासा. शून्य सरकलेलं निघालं तर मधली सगळी मापं रद्द. घरातही हाच कायदा होता. वहिनीने वरणात एकदम हिंग आणि चिंच दोन्ही वाढवलं तर तो गंभीर होऊन म्हणायचा, "आता कशानं चव बिघडली थे कसं समजन?" वहिनी म्हणायची, "समजलं तरी खाचंच हाय तुमाले."

निवृत्तीनंतर त्याच्या कॉलनीत इलेक्ट्रिक सायकलींचं वारं आलं. गुडघे कुरकुरणारे, पोरांनी स्कूटर चालवायला मनाई केलेले सगळे काका एकमेकांना विचारू लागले, कोणती घ्यावी? आणि मग सगळे मिळून दादाला विचारू लागले. त्यात सर्वांत उतावीळ शेजारचे वानखडेकाका, वय एकाहत्तर. दादा म्हणाला, थांबा, मी सगळ्या चालवून पाहतो, मग सांगतो. दुसऱ्या कुणी एवढ्यावर सोडून दिलं असतं. दादाने वही केली. बडनेरा रोडला मोहसीनभाईंचं दुकान आहे, ते दादाचेच जुने विद्यार्थी. सरांनी मागितली आणि सायकल मिळाली नाही, असं होणं शक्यच नव्हतं. ज्या सायकली त्यांच्याकडे नव्हत्या त्या ते ओळखीपाळखीने चार दिवसांसाठी मागवून घेत.

एका शनिवारी मला फोन आला. "रत्ने, उद्या ये. तुह्याजोगतं काम हाय."

"काय काम?"

"बसाचं."

काम खरंच बसायचंच होतं. दादाचं म्हणणं असं की आपल्याकडे सायकलवर एकटा माणूस जातोच कुठे? बायको असते, नातू असतो, नाहीतर ढेपेचं पोतं असतं. एकट्याने चालवून सायकलचा निकाल लावणं म्हणजे रिकाम्या पातेल्याची चव पाहणं. पण या नव्या सायकलींना कॅरिअरच नसायचं. पहिल्या दिवशी दुकानात त्यावरून मोठा वाद झाला. मोहसीनभाई म्हणाले, "सर, कंपनी कॅरिअर देतच नाही. फॅशन नाही ना आता ते." दादा म्हणाला, "तुह्या कंपनीवाल्यायले घरी माय-बहीन काही हाय का नाई?" मग त्याने घरच्या जुन्या सायकलचं कॅरिअर काढून आणलं, पाने आणले, आणि दीड वर्षात जी सायकल तपासली तिला आधी ते कॅरिअर स्वतः बसवलं. त्यावर मी. एकसष्ट वर्षांची बाई, पाय एका बाजूला सोडून, मांडीवर वही. लहानपणी, अकोटला असताना, तो मला असाच शाळेत नेत असे. तेव्हा मी मागून त्याच्या शर्टाला धरायची आणि शर्ट चुरगळला म्हणून तो ओरडायचा. आता ओरडत नसे, एवढाच फरक.

बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हा त्याचा नियम इथेही होताच. रस्ता एकच, छत्री तलावाकडे चढणारा. रसवंतीपाशी सुरुवात, तलावाचं पाणी दिसतं त्या वळणावर शेवट. वेळ सकाळी साडेआठ. बॅटरी पूर्ण भरलेली, चाकात हवा मोजून. या सायकलींना हँडलवर अंगठ्याने दाबायचा एक खटका असतो. तो दाबला की पायडल न मारता गाडी पळते. त्याला दादा हात लावू देत नसे. "अंगठ्यानं चालवली तर ते मोपेड झाली, सायकल काहाची?" पायडल मारायचं आणि मोटरची मदत दोन नंबरवर ठेवायची, असं ठरलं होतं. आणि ओझं एकच राहिलं पाहिजे म्हणून दर वेळी निघण्याआधी तो मला रद्दीवाल्याच्या काट्यावर उभं करायचा. अठ्ठावन्न किलो. दिवाळीनंतर मी एकोणसाठ भरले तर त्याने माझी पर्स आणि स्वेटर दुकानात ठेवायला लावला. उन्हाळ्यात सत्तावन्न भरले तर पाण्याची बाटली हातात दिली. रद्दीवाला तोंडावर हात ठेवून हसायचा. दादा माझं वजन करायचा. स्वतःचं त्याने एकदाही केलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही, तूही उभा राहा.

आता त्याची खरी युक्ती सांगते. चढावर सायकल चालवणाऱ्याला किती कष्ट पडले ते मोजायचं कसं? दादा म्हणाला, "दम लागला का नाई हे माणूस खोटं सांगते. आवाज नाई सांगत." म्हणून त्याने पाढे म्हणायचे ठरवले. रसवंतीपाशी पायडलवर पाय ठेवला की मोठ्याने सुरू करायचं, एकवीस एके एकवीस, एकवीस दुणे बेचाळीस... बावीस, तेवीस, चोवीस, एका लयीत. ज्या पाढ्यात आवाज तुटेल, श्वास घ्यायला थांबावं लागेल, तो आकडा मी वहीत लिहायचा. मोठा आकडा म्हणजे चांगली सायकल. वडिलांनी आम्हा दोघांकडून तिसापर्यंतचे पाढे घोकून घेतले होते, ते पन्नास-पंचावन्न वर्षांनी असे कामी आले. सकाळी तलावाकडे फिरायला जाणारे लोक थबकून पाहायचे. एकदा एका मोटारसायकलवाल्याने गाडी हळू केली आणि विचारलं, "काका, मावशीची शाळा घेऊन राहिले का?" दादा मधे थांबला नाही, पंचवीस साते पंच्याहत्तरासे असं म्हणत त्याने नुसता हात हलवला.

पहिली निळी. तिच्या कंपनीचं नाव आम्ही कधी घेतलं नाही, रंगावरूनच ओळखायचो. निळीवर दादा एकोणतीस दाहे दोनशे नव्वद म्हणत वळणावर पोचला आणि उतरून म्हणाला, "तिसाचाबी म्हनला असता, पन रस्ता सरला." मी वहीत लिहिलं : निळी, एकोणतीस. मग दोन-तीन महिन्यांनी एकेक. जाड टायरांची होती तिला जाडी म्हणायचो. ती खड्ड्यांत छान बसायची, पण सत्तावीस. मग घडी होणारी, लहान चाकांची. तिच्यावर आम्ही दोघं सर्कशीतल्यासारखे दिसत होतो आणि वहिनीने फोटो काढून तो पुतण्याला पाठवला. सव्वीस. एक सायकल अमरावतीत कुठेच नव्हती, वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने घेतली होती. दादाने त्याला फोनवर असं काही पटवलं की त्याने ती संत्र्यांच्या क्रेटबरोबर ट्रकमध्ये चढवून पाठवली. दोन दिवस हँडलला संत्र्याचा वास येत होता. वरूडवालीही सव्वीस. मग काळी, चोवीस. "दिसाले गुलाबजाम, पन दम नाई," असा तिचा निकाल लागला. मी हसून तो शब्दशः लिहून घेतला.

आवाज तुटला की मी मागून विचारायची, "पायडल जड झालं?" तो मान हलवायचा. मला दिसायची ती त्याची पाठ. खरं तर तीही नाही. एका बाजूला पाय सोडून बसल्यावर माणूस रस्त्याच्या कडेला पाहतो. मी रसवंती पाहिली, कडुनिंब पाहिले, शेळ्या पाहिल्या, भिंतीवरच्या जाहिराती पाठ केल्या. दीड वर्षात चढावरून जाताना माझ्या भावाचं तोंड मी एकदाही पाहिलं नाही. बरं, दवाखान्यात हेच माझं काम होतं. पेशंट बोलता बोलता वाक्याच्या मधे श्वास घेतोय का, हे मी नव्या पोरींना शिकवायची. त्याला काय होतंय ते विचारू नका, म्हणायची, त्याला बोलता ठेवा आणि ऐका.

एकदा मीच एक सायकल शोधली. अकोल्यात, माझ्या घराजवळच्या दुकानात आली होती. दादाला मोठ्या ऐटीत बोलावलं. पण अकोला पडलं सपाट. शेवटी रेल्वेच्या उड्डाणपुलावर चढवायचं ठरलं. कॅरिअर तो पिशवीत घालून घेऊन आला होता. पुलाच्या माथ्याला त्याने सायकल थांबवली आणि कठड्याला धरून उभा राहिला. खालून मालगाडी जात होती. "थांब, डबे मोजू दे," म्हणाला. गाडी गेली तरी तो रुळांकडे पाहत उभाच. मी म्हटलं, "दादा, गाडी गेली." तो म्हणाला, "दुसरी येनच ना एखादी." मला वाटलं, हौस. लहानपणी अकोटला तो मला घेऊन गाडी पाहायला जात असे, मला वाटलं, त्याला ते आठवतंय. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, पर्समधून शेंगदाणे काढले, आम्ही खाल्ले. दुसरी गाडी आली नाही. नंतर त्याने निकाल दिला, "अकोल्याचा पूल छत्री तलावाच्या चढाले चालत नाई. हे माप धराचं नाई," आणि मी ती नोंद खोडली. तिथे तेवीस लिहिलेलं होतं, ते खोडलं तरी वाचता येतं.

डिसेंबरात सगळ्या सायकली झाल्या. वानखडेकाका रोज गेटवरून विचारत होते, "काय मंग सर, निकाल लागला का?" दादा म्हणाला, एक काम राहिलं. पहिली मोजली ती शेवटी पुन्हा मोजायची. शून्य तपासायचं. मोहसीनभाईंनी निळी काढून दिली. कॅरिअर बसवलं, मी अठ्ठावन्न भरले, रसवंतीपाशी तो म्हणाला, "चाल." एकवीस बरा झाला. बावीस चोक अठ्ठ्याऐंशीला आवाज गेला. पुढे नुसतं चेन फिरण्याचं आणि टायरचं... मग तेही थांबलं. वळण अजून बरंच वर होतं. दादा उतरला, दोन्ही हातांनी हँडल धरून उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बॅटरी उतरली वाटते हिची. लिहून घे." मी लिहिलं : निळी, बावीस, बॅटरी जुनी. आणि वरून चेष्टा केली. म्हटलं, "बॅटरी काय उतरते दादा, तूच म्हातारा झाला." तो हसला. "होय वं," म्हणाला, "पन थे लिहू नको."

त्यानंतर जानेवारीत त्याने मला दोन रविवार बोलावलं. वही आणू नको म्हणाला. काट्यावर उभं केलं नाही. निळीवर मी मागे बसले तर त्याने सरळ अंगठ्याचा खटका दाबला आणि सायकल आपोआप चढाला लागली. मी म्हटलं, "अरे, मोपेड झाली ना ही!" तो म्हणाला, "आज टेस्ट नाई. नुसतं फिरू." पाढे नाहीत, बोलणं नाही. वळण ओलांडून आम्ही प्रथमच तलावापर्यंत गेलो. पाण्यावर कोवळं ऊन होतं. मला ते दोन रविवार फार आवडले होते. फेब्रुवारीत तो गेला.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, मी महिनाभर वहिनीकडे राहायचं ठरवलं. वर गच्चीला लागून दादाची खोली आहे, तिथे वही होती. वानखडेकाका बिचारे तोंडाने काही बोलले नाहीत, पण वहिनीच म्हणाली, "ताई, त्याईले कोनती घ्याची थे सांगून टाका. यायचा शब्द होता." म्हणून मी बसले. वहीत एकेका सायकलला एकेक पान होतं. काकांना सोपं जावं म्हणून मी एका कोऱ्या कागदावर सगळे आकडे एकाखाली एक उतरवले. कोणत्या क्रमाने लिहावेत हा प्रश्न आला तेव्हा तारखेने लिहिले. दवाखान्यातला तापाचा तक्ता तारखेनेच लिहितात, हाताला तेच वळण. एकोणतीस, सत्तावीस, सव्वीस, सव्वीस, चोवीस, खोडलेला तेवीस, बावीस.

मी पेन ठेवलं. असा तक्ता एखाद्या पोरीने माझ्यापुढे आणला असता आणि ती म्हणाली असती, सिस्टर, सायकल खराब आहे, तर मी तिला वॉर्डातून हाकललं असतं. सगळं तेच ठेवलं होतं... रस्ता, ओझं, हवा, वेळ. फक्त चालवणारा माणूस तो राहत नव्हता. आणि निळीने दुसऱ्यांदा ते सरळ सांगितलं होतं. शून्य सरकलं होतं. व्हर्नियर हातात घेऊन पस्तीस वर्षं पोरांना शिकवणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल?

मी मोहसीनभाईंना फोन लावला. निळीची बॅटरी किती जुनी होती, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "ताई, जुनी काहाची? त्याच महिन्यात नवी टाकली होती. सरले म्या तवाच सांगतलं. सर म्हने, 'अस्सं का.' मंग खुर्चीत बसले, पानी मांगतलं, आधा-पाऊन घंटा बसून राहिले. काहून ताई, कुछ हुआ क्या?" मी म्हटलं, काही नाही, सहज.

खाली वहिनी भाजी चिरत होती. मी विचारलं, "वहिनी, डिसेंबरात दादा दवाखान्यात गेला होता?" तिने विळी आडवी केली. उठून कपाटातून फाइल आणली. आत इको होता. हृदयाची झडप आखडलेली, बऱ्यापैकी. ऑपरेशन करून बदलता येते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "हे म्हने, उन्हाळ्यात पोरगा सुट्टीवर येईन तवा करू," वहिनी म्हणाली. "तुमाले सांगाचं नाई, अशी मले शपथ घातली."

"कावून पण? मी नर्स आहे वहिनी."

"म्हनूनच. म्हने, रत्नाले समजलं तं ते मंग मागं बसनार नाई."

सहा आठवड्यांत मला आलेली पहिली भावना म्हणजे राग. दादाचा राग आला, इतका की फाइल ओट्यावर आपटली. दोन रविवारांच्या फेरीसाठी माणूस झडप उन्हाळ्यावर ढकलतो? वहिनीचा आला, शपथ पाळली म्हणून. मग माझा आला आणि तो काही केल्या जाईना. उन्हाळ्याचं सोडा, वरूडवालीच्या वेळीच मला कळायला हवं होतं. तेव्हा वेळ होता, भरपूर होता. वहिनी रडत होती. मी तिला पाणी दिलं. माझे डोळे कोरडेच होते, आणि त्याचीही आता मला लाज वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास वानखडेकाका आले. चष्मा आणि खिशाला पेन, लिहून घ्यायच्या तयारीने. मला काय सोपं होतं? निळी घ्या काका, म्हटलं असतं तर ते खूश होऊन गेले असते, दादाचा शब्द राहिला असता, आणि निळी वाईट आहे असंही नाही. पण मी म्हटलं, "काका, वही रद्द झाली."

"रद्द? सर तं दीड वर्ष लागले होते!"

"ते आकडे सायकलींचे नाहीत. दादाला दम लागत होता. आम्ही सायकलींच्या नावावर लिहीत होतो. मी लिहीत होते."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "मंग आता मी कोनती घेऊ?" खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते फार आवडले. मी म्हटलं, "आधी वर चला, दादाच्या खोलीत सगळी माहितीपत्रकं आहेत. पण जिना चढताना बोलत या, थांबू नका." त्यांना काही उमगलं नाही, तरी ते उठले. मी पुढे झाले आणि भराभर जिना चढून वरच्या पायरीवर वळून उभी राहिले, तोंड त्यांच्याकडे करून. काका कठड्याला धरून चढत होते आणि सुनेच्या नव्या मिक्सरबद्दल सांगत होते, तो किती आवाज करतो, सकाळी झोप कशी मोडते. अर्ध्या जिन्याला वाक्य मधेच राहिलं. ते थांबले. माझ्याकडे न पाहता त्यांनी भिंतीतल्या जाळीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "जास्वंद... लय फुलून राहिला यंदा... तुमचा."

खाली जास्वंद नव्हताच. होता तो मोगरा, आणि त्याला अजून एक कळी नव्हती.

मी पायऱ्या उतरून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांचं मनगट धरलं. ओठ पाहिले, नखं पाहिली. वर दादाच्या खोलीतल्या घड्याळाचा काटा उघड्या दारातून दिसत होता.

"काय वं रत्ना, काय करून राहिली?" काका म्हणाले.

"गप राहा काका," मी म्हटलं, "मोजून राहिली मी. उद्या सकाळी आपल्याले दवाखान्यात जाचं हाय. मी येतो संगं."

तिसापर्यंत मोजलं असेल. मग मला एकदम रडू आलं आणि आकडा चुकला. काकांचा हात मी सोडला नाही. पुन्हा एकापासून सुरुवात केली.